पासवर्ड बरोबर, तरीही दार बंद

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत किंवा बदलापूरच्या एखाद्या पेढीत आजही एक जुना संगणक हमखास आढळतो. त्याच्यावर टॅली चालते, प्रिंटर जोडलेला असतो आणि पंधरा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार आउटलुकच्या 2007 किंवा 2010 सालच्या आवृत्तीत साठवलेला असतो. एके दिवशी त्या पडद्यावर पासवर्ड मागणारी लहानशी चौकट उमटते. मेहताजी पासवर्ड टाकतात, चौकट पुन्हा येते. शेठ स्वतः येऊन टाकतात, तरीही तेच. मग पासवर्ड कोणी बदलला यावरून घरात बोलणी सुरू होतात आणि संशयाची सुई बहुधा धाकट्या चिरंजीवांकडे वळते. तिकडे पुण्याच्या गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर येऊन पडलेली असते आणि ती कोणी उघडलेली नसते.

अशा वेळी बहुतेकदा पासवर्ड बरोबरच असतो. बदललेली असते ती ओळख पटवण्याची रीत.

पूर्वी मेलचा प्रोग्राम नाव आणि पासवर्ड सर्व्हरला सांगत असे व दार उघडत असे. हा पासवर्ड संगणकातच साठवलेला असल्याने तो चोरीला गेला की सारे खाते चोराच्या हाती जाई. म्हणून मेल पुरवणाऱ्या कंपन्यांनी नवी पद्धत आणली. आता प्रोग्राम पासवर्ड स्वतःकडे ठेवत नाही. तो आपल्याला कंपनीच्या पानावर नेतो, तेथे मोबाइलवरून आपली खात्री करून घेतली जाते आणि प्रोग्रामला एक परवाना मिळतो. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी जुनी रीत 30 मे 2022 पासून बंद करण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी 1 ऑक्टोबर 2022 पासून, तर हॉटमेल व आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 पासून ती बंद केली. 2007 आणि 2010 सालच्या आउटलुकला ओऑथ ठाऊकच नाही. त्यामुळे तो प्रोग्राम जुनाच प्रश्न विचारत राहतो आणि आपण जुनेच उत्तर देत राहतो.

तेव्हा पहिली परीक्षा अशी: त्याच नावाने व पासवर्डने ब्राउझरमधून मेल उघडून पाहावा. उघडला, तर दोष प्रोग्रामच्या बाजूचा आहे. न उघडला, तर खाते वा पासवर्ड यांचाच प्रश्न आहे आणि आउटलुकच्या सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. पासवर्ड वीस वेळा टाकून पाहण्याचा हट्ट तर मुळीच नको, कारण अनेक ठिकाणी त्यामुळे खाते काही काळ कुलूपबंद होते.

याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीखही पाहून घ्यावी. हे सांगताना हसू येते, पण जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटू लागते आणि जोडणी तुटते. आपल्या भागात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे वेगळे सांगायला नको.

तारीख बरोबर आहे आणि खाते जीमेलचे आहे, तर एक मार्ग मोकळा आहे. गूगल खात्यात प्रथम दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी लागते. त्यानंतर तेथे ‘ॲप पासवर्ड’ तयार करता येतो. हा सोळा अक्षरी पासवर्ड केवळ त्या जुन्या प्रोग्रामसाठी असतो. तो पडद्यावर एकदाच दिसतो आणि आउटलुकच्या चौकटीत नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा असतो. पुढे कधी मूळ पासवर्ड बदलला, तर हा ॲप पासवर्ड रद्द होतो आणि नवा घ्यावा लागतो. हे ठाऊक नसल्याने काही महिन्यांनी तीच चौकट पुन्हा आली म्हणजे लोक गोंधळतात.

परंतु खरा पेच त्या दोन टप्प्यांतच असतो. पडताळणीचा संदेश कोणाच्या मोबाइलवर जाणार? अनेक पेढ्यांचे खाते कधीतरी एखाद्या संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने उघडून दिलेले असते आणि त्यात त्याचाच क्रमांक असतो. काही ठिकाणी नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा असतो. दुकानाची किल्ली आपण अशा रीतीने कोणाकडे ठेवली नसती. खात्यात मालकाचा आणि घरातील आणखी एका जाणत्या व्यक्तीचा क्रमांक असावा. गूगल देत असलेले एकेकदा वापरायचे दहा संकटकालीन संकेतांक छापून तिजोरीत ठेवावेत. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेला मेलही बहुधा हाच असतो, एवढे लक्षात घेतले तरी याचे महत्त्व पटेल.

हॉटमेलच्या खात्याला मात्र ॲप पासवर्डचा उपयोग होत नाही. तेथे प्रोग्रामच बदलावा लागतो. विनामूल्य मिळणारा थंडरबर्ड ओऑथ जाणतो, आणि वडीलधाऱ्यांना त्याची मांडणी जुन्या आउटलुकहून फार परकी वाटत नाही. पेढीच्या स्वतःच्या नावाचा मेल असेल, तर तो सांभाळणाऱ्या कंपनीकडून सर्व्हरचे नाव व पोर्ट लिहून घ्यावेत. सामान्यतः येणाऱ्या मेलसाठी आयमॅपला 993 व पॉपला 995, आणि जाणाऱ्या मेलसाठी 465 किंवा 587 असे पोर्ट असतात. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो ही खूण आउटलुकच्या ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये केलेली आहे का, ते पाहावे. संगणकच विंडोज एक्सपीचा असेल, तर मात्र खटपट थांबवावी. त्या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजीच काढून घेतला असून तिची जुनी सांकेतिक भाषा अनेक सर्व्हर आता स्वीकारत नाहीत.

या गोंधळाचा लाभ घेणारेही टपलेले असतात. ‘आपला पासवर्ड आज संपत आहे, येथे टिचकी मारा’ असे मेल येतात आणि चौकटीला कंटाळलेला माणूस त्यात पासवर्ड लिहून मोकळा होतो. नंतर त्याच खात्यातून गिऱ्हाइकांना ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे पत्र जाते. तसे घडल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

आता ज्या गोष्टीची सर्वांत अधिक हेळसांड होते, तिच्याकडे वळू. जुने आउटलुक बहुधा पॉप पद्धतीने जोडलेले असते. ती पद्धत मेल संगणकात उतरवून घेते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय केलेली नसेल, तर तेथून काढून टाकते. म्हणजे जुन्या ऑर्डरी, भावाची बोलणी, मालाबद्दलच्या तक्रारी हे सारे त्या एकाच डब्यात राहते. जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब व नोंदी जपाव्या लागतात, आणि एखाद्या व्यवहाराविषयी शंका निघाली तर त्या नोंदींमागचा पत्रव्यवहारच कामी येतो.

उल्हास नदीकाठच्या लोकांना तळमजल्यावरील कागदपत्रांचे काय होते, हे 26 जुलै 2005 ने शिकवले आहे. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हाही परिसरातील कितीतरी घरे-दुकाने पाण्याखाली होती.

म्हणून प्रोग्राम बदलण्यापूर्वी, आणि दुरुस्तीवाल्याला ‘सगळे नव्याने टाकून दे’ असे सांगण्याच्याही आधी, आउटलुक बंद करून पीएसटी या अक्षरांनी संपणारी फाइल शोधावी. 2010 च्या आवृत्तीत ती बहुधा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’ या कप्प्यात असते. तिच्या दोन प्रती बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याव्यात, एक पेढीवर व एक घरी वरच्या मजल्यावर. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार जुनी पत्रे वाचता येतात का, हे पाहावे आणि मगच जुन्या संगणकाला हात लावू द्यावा.