तीच गाठ, त्याच जागी

पीण्याच्या वर्कशॉपमध्ये डोळ्याचं दुखणं कुणाला नवं नाही. ग्राइंडिंगचा कण उडतो. वेल्डिंगचा आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला, की त्याच रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप लागत नाही. बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यालगत 1970च्या दशकाच्या अखेरीस वसलेल्या पीण्या या औद्योगिक पट्ट्यात टूलरूम, प्लेटिंग, पावडर कोटिंग, गारमेंट असे लहानमोठे हजारो कारखाने आहेत. तिथला कामगार मेडिकलमधून ड्रॉप घेतो, एखादा दिवस काळा चष्मा लावतो आणि पुन्हा मशीनवर उभा राहतो. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतंही. मात्र या सवयीमुळेच पापणीच्या कडेवरची न दुखणारी गाठ महिनोन्महिने अंगावर काढली जाते. कर्करोगाला हवी असते ती नेमकी एवढीच सवलत.

डोळ्याभोवतीच्या कातडीचा कर्करोग एकाच प्रकारचा नसतो. पाश्चात्त्य पुस्तकांत पापणीच्या दहापैकी नऊ कर्करोग ‘बेसल सेल’ जातीचे सांगितलेले असतात. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. पापणीतल्या तेलग्रंथींपासून निघणारा ‘सेबेशियस’ कर्करोग भारतात बेसल सेलच्या बरोबरीने, काही रुग्णालयांत तर त्याहून जास्त आढळतो. तो बेमालूम रांजणवाडीसारखा दिसतो. शेकलं जातं, मलम लागतं, कुणीतरी चिरा देऊन ती काढतं आणि काही महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा उगवते. त्या जागचे पापण्यांचे केस झडतात. कधी गाठ दिसतच नाही, नुसता एक डोळा सतत लाल राहतो आणि कुठल्याच ड्रॉपला दाद देत नाही. हा कर्करोग कानापुढच्या आणि मानेच्या लसिकाग्रंथींपर्यंत जातो. म्हणूनच इथे उशीर महागात पडतो.

बेसल सेलचं पहिलं नेमकं वर्णन डब्लिनच्या आर्थर जेकब या नेत्रवैद्याने 1827 मध्ये केलं. हा सहसा शरीरभर पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत आत शिरतो. खालची पापणी आणि नाकालगतचा डोळ्याचा कोपरा या त्याच्या नेहमीच्या जागा. कोपऱ्यातला जास्त धोक्याचा, कारण तिथून डोळ्याच्या खोबणीत उतरायला त्याला फार अंतर कापावं लागत नाही. गोऱ्या कातडीवर तो मोत्यासारखा चमकतो. आपल्या कातडीवर मात्र तो पुष्कळदा काळा असतो आणि तीळ म्हणून खपून जातो. तीळ वाढू लागला, मधोमध खड्डा पडला, खपली निघून पुन्हा पुन्हा रक्त आलं, तर तो तीळ समजू नये.

बेसल सेलमागे उन्हातल्या अतिनील किरणांचा मोठा हात असतो. वेल्डिंगच्या आर्कमधूनही हेच किरण निघतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचे अतिनील किरण माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले, ते डोळ्याच्या आतल्या मेलानोमामुळे. तेव्हा योग्य काचेचं हेल्मेट वेल्डरला हवंच, आणि शेजारी तुकडा धरून उभ्या असलेल्या हेल्परलाही हवं. त्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

उपचाराचा मुख्य आधार आजही शस्त्रक्रियाच आहे. आधी लहानसा तुकडा काढून बायोप्सी, मग पुढचं. पाठीवरची गाठ काढताना आजूबाजूची चार-पाच मिलिमीटर चांगली कातडी सहज जाऊ देता येते. पापणीवर एकेक मिलिमीटर मोलाचा. कमी काढलं तर रोग मागे राहतो, जास्त काढलं तर डोळा नीट मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं.

या कोंडीवर अमेरिकेच्या फ्रेडरिक मोस या सर्जनने वाट काढली. 1930च्या दशकात तो गाठीवर झिंक क्लोराइडचा लेप लावून पेशी जागीच घट्ट करायचा आणि मग थर काढून तपासायचा. हे काम वेळखाऊ आणि वेदनादायक होतं. 1953 मध्ये पापणीच्या एका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू असताना वेळ वाचावा म्हणून त्याने लेपाला फाटा दिला आणि ताज्या पेशीच गोठवून पाहिल्या. आजची पद्धत तिथून रुळली. जागा बधिर करून बशीच्या आकाराचा पातळ थर काढतात, त्याच्या कडांना रंग लावून नकाशा आखतात, थर गोठवून त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ज्या कडेला रोग दिसला, फक्त तिथलाच पुढचा थर घेतात. तोवर रुग्ण पट्टी बांधून बाहेर बसलेला असतो. भारतात ही सोय मोजक्या ठिकाणी आहे; इतरत्र पॅथॉलॉजिस्ट ‘फ्रोझन सेक्शन’ करून कडा तपासतो. सेबेशियस कर्करोग मधेमधे चांगली जागा सोडून पुढे उगवू शकतो, म्हणून त्यात डोळ्याच्या आतल्या पापुद्र्याचेही ठिकठिकाणचे नमुने घ्यावे लागतात.

मग उरतं ते खिंडार बुजवण्याचं काम. पापणीचा पाव भाग गेला असेल तर कडा ओढून शिवता येतात. खालची पापणी बरीच गेली असेल तर वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून शिवतात. 1937 मध्ये वेंडेल ह्यूझ यांनी मांडलेली ही पद्धत. त्यात डोळा काही आठवडे बंद राहतो, मग तो थर कापून उघडतात. नाकालगतच्या खोल खड्ड्यासाठी कपाळाची कातडी देठासकट फिरवून आणतात. या विद्येचा गाजलेला दाखला आपल्या पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा कपाळावर पसरून माप घेतलं आणि तिथल्याच कातडीचं नाक बसवलं. ही हकिगत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन ते तंत्र शिकू लागले.

आता प्रकाशाने केल्या जाणाऱ्या उपचाराची गोष्ट. 1900 साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने नोंदवलं, की अॅक्रिडिन रंगातले सूक्ष्म जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. त्याचे गुरू टापाइनर यांनी लगेच 1903 मध्ये इओसिन रंग आणि प्रकाश वापरून कातडीच्या गाठींवर उपचार करून पाहिले. आज खपली काढून मलम लावतात आणि सुमारे तीन तास झाकून ठेवतात. मलमातल्या द्रव्यापासून रोगट पेशी एक प्रकाशग्राही रंगद्रव्य बनवतात. त्यावर तांबडा प्रकाश पडला, की प्राणवायूचं जहाल रूप तयार होतं आणि पेशी मरते. डोळ्याजवळ हे करताना बुबुळावर संरक्षक कवच बसवावं लागतं. प्रकाश चालू असताना जळजळ चांगलीच होते. आठवड्याने दुसरी फेरी असते. व्रण मात्र फार कमी राहतो.

एवढं वाचून कुणालाही सुरीपेक्षा प्रकाशच हवासा वाटेल. इथे सावध व्हायला हवं. हा उपचार जेमतेम दोन मिलिमीटर खोल पोचतो. वरवरच्या बेसल सेलला आणि कर्करोगपूर्व चट्ट्यांना तो उपयोगी; खोल गेलेल्या, कोपऱ्यात शिरलेल्या गाठीला आणि सेबेशियस कर्करोगाला तो शस्त्रक्रियेचा पर्याय नव्हे. ‘लेझरने जाळून टाका’ हा सल्ला तर बायोप्सीआधी कुणी दिला तर ऐकूच नये. जाळलेली गाठ तपासता येत नाही.

पीण्यातल्या कामगाराची खरी अडचण बुडणाऱ्या रोजाची असते. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असलेल्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो, आणि कर्करोगासाठी अटी पूर्ण असल्यास पुढेही वाढीव लाभ आहे. राजाजीनगरचं ईएसआय रुग्णालय आणि मिंटो हे सरकारी नेत्ररुग्णालय याच शहरात आहेत. कर्करोगासाठी किदवई संस्था आहे. रजा मागायला संकोचू नका. आणि पापणीवरची गाठ कुणी कापून काढली, तर तो तुकडा तपासणीला पाठवला का, एवढं विचारून रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.