शेजारधर्म – ७ : देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचा चेहरा

मागच्या आठवड्यात आपण सावड आणि इर्जिक यांच्याबद्दल बोललो. तिथे मदत करणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. आज तुमचे बैल माझ्या रानात, चार दिवसांनी माझे तुमच्या रानात. आणि इर्जिकीला आलेल्यांना पोटभर पुरणपोळी. पण रस्त्यात भेटलेल्या, पुन्हा कधी गाठ पडणार नाही अशा माणसाचं काय? त्याच्यासाठी केलेल्या कामाची फेड होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी माणसं अशी कामं करतात. आपल्याकडे तर त्याचा पुरावा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

केळणा नदीच्या काठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. पैठणहून उज्जैन-विदिशेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे नगर. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात सापडलेल्या छोट्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीबद्दल नेहमी लिहिलं जातं, कारण तिचं इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. मला मात्र भोगवर्धनची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते, आणि ती पाहायला मध्य प्रदेशात सांचीला जावं लागतं.

सांचीच्या स्तूपाचे कठडे, फरशा, खांब एका राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले नाहीत. कोणी एक फरशी दिली, कोणी कठड्याची आडवी दगडी पट्टी. देणाऱ्यांत भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी, कारागीर, घरसंसार करणाऱ्या बायका होत्या. दक्षिणेकडच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपलं काम नोंदवून ठेवलंय. अशा शेकडो दात्यांच्या छोट्या छोट्या ओळी दगडांवर ब्राह्मी लिपीत आहेत, आणि त्यांतल्या कित्येक ओळींत गावाचं नाव भोगवर्धन आहे. सरळ रेषेत मोजलं तरी सांची इथून ४०० किलोमीटर. आपल्या गावातला माणूस इतक्या लांबच्या टेकडीवर एक फरशी बसवतो. तिच्यावरून कोण चालणार, कोण टेकणार, हे त्याला कधीच कळणार नाही.

या ओळींनी नंतर एक भलतंच काम केलं. ब्राह्मी लिपी तोवर वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्या समोर सांचीच्या ठशांचा गठ्ठा आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक ओळींचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतोय. देवळांत जसं अमुकाचं दान असं लिहितात तसंच हे असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. ती अक्षरं ‘दानं’ निघाली आणि तिथून लिपीचं कुलूप उघडत गेलं. पुढे अशोकाचे लेख वाचता आले ते या साध्या माणसांच्या पावत्यांमुळे.

आता आपण नेहमी म्हणतो, गुप्तदान तेच खरं. या हिशेबाने भोगवर्धनचे दाते नापास व्हायला हवेत, त्यांनी तर नावं दगडावर कोरून घेतली. मला तसं वाटत नाही. त्या दगडांवर देणाऱ्याचं नाव आहे, त्याचं गाव आहे, कधी कधी धंदाही आहे. घेणाऱ्याचं काहीच नाही. जो यात्रेकरू त्या फरशीवर टेकला, त्याची कुठेही नोंद नाही. त्याला कोणापुढे उभं राहावं लागलं नाही, हात पसरावे लागले नाहीत. नाव कोरण्याने दान हलकं होत असेल तर थोडं होत असेल. घेणाऱ्याची मान खाली गेली की ते पार वाया जातं.

२०२०च्या टाळेबंदीत हे आपण सगळ्यांनी पाहिलं. गहू-तांदळाची पिशवी एक, ती धरणारे हात सहा, आणि मधोमध डोक्यावर पदर घेतलेली, खाली बघणारी एक बाई. फोटो काढून झाल्याशिवाय पिशवी सुटत नव्हती. धान्य खरं होतं, भूकही खरी होती, देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची कळकळही खरी असेल. पण त्या बाईची मुलगी शाळेत जाते आणि तिच्या वर्गातल्या पोरांच्या घरच्या फोनवर तो फोटो असतो, याचा विचार त्या सहा हातांपैकी एकालाही सुचला नाही. वाटायचंच असेल तर छापा ना स्वतःचा फोटो, हवा तेवढा मोठा. तिचा कशाला?

याच्या उलट रीत बघायची असेल तर अंगारकीच्या आदल्या रात्री राजूरच्या रस्त्यावर यावं. राजूरचा गणपती भोकरदन तालुक्यातला, जालना-भोकरदन रस्त्यावरचा. संकष्टी मंगळवारी आली की जालन्याहून माणसं रात्रभर पायी चालत येतात. वाटेत जागोजागी मांडव असतात. कुठे चहा, कुठे केळी, कुठे उपवासाची खिचडी, कुठे दुखणाऱ्या पायांना लावायला मलम. मांडववाला रस्त्यात आडवा उभा राहून हाक मारतो, ‘‘या माउली, घोटभर घ्या, पुढं चढ आहे.’’ नको म्हटलं तर हातात कागदी कप कोंबतो. इथे विनवणी देणारा करतो आणि नखरे घेणारा करतो. चालणाऱ्यात बंगला असलेला असतो, बांधावर मजुरी करणारा असतो. कपात चहा तेवढाच. मांडवाच्या फलकावर मंडळाचं नाव आणि कधी एखाद्या पुढाऱ्याचा हसरा फोटोही असतो. असू दे. चहा पिणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही.

अंगारकी रोज नसते. रोजची गोष्ट एसटी स्टँडवर दिसते. भोकरदनच्या स्टँडवर पाटी वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजूनही येतात. एक जण गाठोडं सावरत गाड्यांच्या तोंडाशी फिरत होती. ‘‘बाबा, ही जाफ्राबादला जाती का रं?’’ कानात बोंडं घातलेलं पोरगं. त्याने एक बोंड काढलं, पाटी पाहिली, ‘‘नाही आज्जी, ही सिल्लोडची. थांबा.’’ चौकशीच्या खिडकीपर्यंत जाऊन आलं. ‘‘तुमची अजून लागायची आहे. लागली की सांगतो, बसा इथं.’’ आणि खरंच, गाडी लागल्यावर गाठोडं उचलून आत ठेवून, खिडकीतून एका सीटवर रुमाल टाकून आलं. म्हातारीने कोणाचा रे तू असं विचारलं. ते ‘‘इथलाच’’ म्हणालं आणि बोंड परत कानात. तिला वाचता येत नाही हे त्याला कळलं होतं, पण त्याने तसं दाखवलं नाही. ‘‘वाचता येत नाही का?’’ असं मोठ्याने विचारणारेही मदतच करतात, पण स्टँडभर पुकारा करून.

मग एवढ्या सोप्या गोष्टी करताना आपण बिचकतो का? अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी याचा शोध घेतला. शिकागोच्या एका बागेतल्या बर्फाच्या रिंकवर, थंडीत, काही जणांना त्यांनी गरम चॉकलेटचा कप दिला: स्वतः प्या किंवा अनोळखी माणसाला द्या. देणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला किती बरं वाटेल? आणि घेणाऱ्यांना विचारलं, किती बरं वाटलं? देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. कारण देणारा वस्तूची किंमत करतो, एक कप, त्यात काय एवढं. घेणारा मात्र कोणीतरी आपली आठवण ठेवली हेही त्यात धरतो. राजूरच्या रस्त्यावरच्या मांडववाल्याला हे शिकवायची गरज नाही, पण एरवी ‘उगाच कशाला, त्याला काय वाटेल’ म्हणून आपण जे गिळून टाकतो, त्याचं कारण इथे आहे.

समोरासमोर यायचंच नाही, अशीही एक सोय निघाली. इराणमधल्या मशहद शहरात २०१५च्या हिवाळ्यात एका भिंतीला खुंट्या ठोकल्या गेल्या; नको असलेला कोट टांगून जा, हवा असेल त्याने घेऊन जा. वर्षभरात आपल्याकडच्या शहरांत ‘माणुसकीची भिंत’ दिसू लागली. कल्पना उत्तम, घेणाऱ्याला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. पण बऱ्याच भिंतींचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच: फाटके बनियन, तुटकी चप्पल, एक बाही नसलेला सदरा. घरातली अडगळ काढणं आणि देणं यात फरक आहे, आणि तो घेणाऱ्याला कपडा हातात घेताच कळतो.

आता सगळ्यांत अवघड जागा: रस्त्यावरचा अपघात. जालना-भोकरदन किंवा सिल्लोडच्या रस्त्यावर रात्री कोणी पडलेला दिसला की गाडीचा वेग किंचित कमी होतो आणि परत वाढतो. ही माणसं दगडाच्या काळजाची असतात असं नाही. इकडे भोकरदनला उत्खनन चालू होतं त्याच १९७३ साली अमेरिकेतल्या डार्ली आणि बॅट्सन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक व्हायला शिकणारे ४० विद्यार्थी, आणि त्यांच्या वाटेत दारात कण्हत बसलेला एक माणूस. ज्यांना सवड होती त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेले ४५ टक्के, आणि उशीर झालाय असं सांगून पिटाळलेल्यांतले फक्त १० टक्के. त्यांतल्या काहींना तर वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्टच भाषणात सांगायची होती. धर्म कोण किती मानतो याने फरक पडला नाही, घड्याळाने पडला.

आपल्याकडे घड्याळाच्या जोडीला पोलीस स्टेशनची धास्ती. कोर्टाच्या चकरा कोण मारणार? सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२०मध्ये त्याचे नियम आले. मदत करताना हातून काही चुकलं तरी त्या माणसावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव, पत्ता, ओळख सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. आपण होऊन साक्षीदार झालाच, तर जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यायचा. म्हणजे ‘‘इथलाच’’ एवढंच सांगून निघून जायची मुभा आता कायद्यानेच दिली आहे. ज्याला नाव सांगायचंय त्याच्यासाठी बक्षीसही आहे. २०२१मध्ये ते ५ हजार रुपये होतं, ‘राहवीर’ योजनेत २५ हजार झालं. अट एवढीच की गंभीर जखमीला पहिल्या तासाच्या आत उपचारांपर्यंत पोचवलेलं असावं. बक्षीस घेण्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. जखमीचा व्हिडिओ मात्र काढू नये, आणि दुसरा काढत असेल तर त्याला तोच फोन १०८ला लावायला सांगावा.

या हक्कांचा फलक दवाखान्याच्या दर्शनी भागात, लोकांच्या भाषेतही लावणं नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या जवळच्या दवाखान्यात तो आहे का, हे या आठवड्यात जाता-येता पाहून ठेवा. पुढच्या लेखात दुष्काळातल्या विहिरी: स्वतःच्या मोसंबीला पाणी नसताना गावासाठी मोटर चालू ठेवणाऱ्यांचा हिशेब.