फटकारे नवेगावच्या पाण्याचे

मॉल, मल्टिप्लेक्स, पिझ्झा... वीकएंडचा हा फंडा जुना झाला असेल, तर एक नवा सांगते. रंगांची पेटी उचला आणि गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जा. मोबाइल बॅगेतच राहू द्या.

इथला तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधला, असं मानतात. भोवती डोंगर, हिवाळ्यात पाहुणे पक्षी. पहाटे पाणी जांभळट राखाडी दिसतं, ऊन आलं की सोनेरी आणि थोड्या वेळाने चक्क पांढरं! हे कागदावर पकडायचं कसं?

हाच प्रश्न पॅरिसच्या मोने, पिसारो मंडळींना पडला होता. १८७४ मध्ये त्यांनी आपलं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राची टीकाकाराने टर उडवली आणि ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव चिकटलं. त्यांचा खरा मदतनीस होता रंगाची धातूची ट्यूब. जॉन रँडने १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे स्टुडिओ पाठीवर टाकून शेतात जाणं सोपं झालं.

घोटू नका, ठेवा!

या शैलीत रंग घोटत बसायचं नाही. निळ्याच्या शेजारी नारिंगीचा फटकारा ठेवायचा. मिसळायचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. सावलीला काळा नको, निळा-जांभळा घ्या. पाण्याला आडवे फटकारे, धानाच्या बांध्यांना उभे, तुटक. उजेड जिथे जास्त, तिथे रंग जाड. आणि उजेड बदलला की सरळ दुसरा कॅनव्हास! मोनेने गवताच्या गंजी अशाच पुन्हा पुन्हा रंगवल्या.

ब्रश कुणाच्या केसांचा?

आता जरा सीरियस गोष्ट. मऊ, टोकदार ब्रशसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं मुंगसं मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे. तरीही ते चोरून विकले जातात, छाप्यांत सापडतात. केसांवर गडद-फिकट पट्टे दिसले, तर दुकानदाराला सरळ विचारा आणि शंका असेल तर घेऊच नका.

गंमत म्हणजे, या शैलीला तो मऊपणा लागतच नाही. तैलरंगात फटकाऱ्याची रेघ उमटायला डुकराच्या ताठ केसांचा चपटा ब्रश हवा. जलरंग, अ‍ॅक्रिलिकला नायलॉन मस्त चालतो. आणि हाताने बनवायचा असेल, तर वारली चित्रकारांकडून शिका. ते बांबूच्या काडीचं टोक चावून ब्रश करतात. गोंदियात बांबूला काय तोटा?

नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्या जंगलाचं चित्र काढायचं आणि हातात मुंगूस मारून केलेला ब्रश धरायचा, हे काही पटत नाही बुवा. तेव्हा निघण्याआधी ब्रशचा डबा एकदा उघडून बघाच!