पडद्यावरचा इतिहास आणि घराघरांतला कौल : मराठी ऐतिहासिक मालिकांतील पात्रांचा मागोवा

मराठी ऐतिहासिक मालिकेच्या प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो. माधवराव पेशवे थेऊरला देह ठेवणार, संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले जाणार, बाबासाहेब आंबेडकर दीक्षाभूमीवर पोहोचणार, हे त्याने शाळेच्या पुस्तकात, कादंबरीत आणि पोवाड्यात आधीच वाचले-ऐकलेले असते. पुढे काय होणार याची उत्सुकता त्यामुळे उरत नाही. कोण कसे वागले, का वागले आणि ते दाखवले कसे, यावर त्याचे लक्ष असते. म्हणून पात्रांविषयीची मते हा या मालिका पाहण्याचा गाभाच आहे. दूरदर्शनच्या काळापासून आजपर्यंतची चार दशके पाहिली, तर ही मते हळूहळू सरकत गेलेली दिसतात. आरंभी कौल प्रामुख्याने अभिनेत्याविषयी असे. पुढे तो नायकाभोवतीच्या माणसांविषयी होऊ लागला. शेवटी इतिहास कसा सांगावा आणि तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, इथपर्यंत तो आला.

दूरदर्शनचा काळ

दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. मराठी ऐतिहासिक मालिकेचा मापदंड मात्र १९८७ च्या 'स्वामी'ने घालून दिला. रणजित देसाई यांची १९६२ ची कादंबरी तिचा आधार होती आणि दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. 'प्रभात'च्या १९४४ मधील 'रामशास्त्री' या चित्रपटात जागीरदारांनी स्वतः रामशास्त्री प्रभुणे साकारले होते, त्यामुळे पेशवाईचे वातावरण त्यांना नवे नव्हते. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि किशोरवयीन मृणाल देव, म्हणजे पुढच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या.

कादंबरी वाचलेला मोठा वर्ग या मालिकेसमोर बसला होता. त्याच्या मनात माधवराव आधीच उभे होते आणि पडद्यावरचा चेहरा त्या मनातल्या चेहऱ्याशी जुळतो का, हा पहिला प्रश्न होता. मंकणी आणि मृणाल देव यांच्या बाबतीत उत्तर इतके ठाम होकारार्थी आले, की पुढे अनेक वर्षे माधवराव-रमा म्हटले की हीच जोडी डोळ्यांसमोर येई. २०१४ मध्ये मृणाल कुलकर्णी यांनी 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा त्यात मंकणी नानासाहेब पेशवे म्हणून, माधवरावांच्या वडिलांच्या भूमिकेत दिसले. सत्तावीस वर्षांपूर्वीचा माधव आता पित्याच्या जागी उभा असल्याचे जुन्या प्रेक्षकांच्या लगेच ध्यानात आले.

याच सुमारास श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरी यांचा औरंगजेब देशभर पाहिला गेला. मराठी घरांत महाराजांची प्रतिमा भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी आणि चंद्रकांत मांडरे यांच्या रुबाबाने घडवलेली होती. नसीरुद्दीन यांचे संयत, विचारी महाराज त्या परंपरेहून वेगळे होते. उत्तम अभिनय कशाला म्हणावे आणि मनातला राजा कोणता, हे दोन प्रश्न निराळे असू शकतात, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

रोज भेटणारे महाराज

२४ नोव्हेंबर २००८ रोजी 'स्टार प्रवाह' वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबर 'राजा शिवछत्रपती'. निर्माते नितीन चंद्रकांत देसाई यांनी पनवेलच्या पलीकडे, कर्जत परिसरातल्या आपल्या स्टुडिओत गडकोट आणि वाडे उभे केले होते. अजय-अतुल यांच्या शीर्षकगीताने मालिकेची हाक घरोघर पोहोचवली.

डॉ. अमोल कोल्हे यांना महाराजांच्या भूमिकेत प्रेक्षकांनी ज्या प्रकारे स्वीकारले, त्याला मराठी दूरचित्रवाणीत तोड नाही. आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या नायकाऐवजी रोज संध्याकाळी भेटणारा राजा हे नवे नाते होते. चेहरेपट्टी, नजर, चालणे, आवाजातली जरब या कसोट्यांवर कोल्हे उतरले आणि हळूहळू अभिनेता व भूमिका यांतली सीमा पुसट झाली. मृणाल कुलकर्णी यांच्या जिजाबाई, अविनाश नारकर यांचे शहाजीराजे आणि यतीन कार्येकर यांचा औरंगजेब यांनाही स्वतंत्र दाद मिळाली. शत्रू दुबळा दाखवला तर महाराजांचे कर्तृत्व उणे होते, ही जाण प्रेक्षकांत असल्याचे कार्येकरांच्या औरंगजेबाला मिळालेल्या प्रतिसादातून दिसले. थंड डोक्याचा, कमी बोलणारा, भक्कम औरंगजेब त्यांना हवा होता.

सुधारकाचे घर

२०१२ मध्ये 'झी मराठी'वर आलेल्या 'उंच माझा झोका'ने तलवारीऐवजी पाटी-पेन्सिल मध्यभागी आणली. विरेन प्रधान दिग्दर्शित या मालिकेत रमाबाई रानडे यांचे जीवन होते. तेजश्री वालावलकरने बालवयातली रमा, स्पृहा जोशी यांनी मोठ्या रमाबाई आणि विक्रम गायकवाड यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे साकारले. १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा रमा अकरा वर्षांची होती आणि रानडे तिशी ओलांडलेले विधुर.

छोट्या रमेवर प्रेक्षकांनी निरपवाद प्रेम केले. रानड्यांविषयीचे मत मात्र सोपे नव्हते. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून बालिकेशी लग्न केले, ही विसंगती त्यांच्या समकालीनांनीही टोचून दाखवली होती. मालिकेने ती लपवली नाही आणि पत्नीला शिकवण्याचा रानड्यांचा ध्यास तिच्या शेजारी ठेवला. घरातल्या ज्या वडीलधाऱ्या बायका रमेच्या शिक्षणाला विरोध करत, त्यांचा राग येणे स्वाभाविक होते. तरी त्यांतल्या कित्येकींचे वैधव्य आणि त्यांची कोंडी दिसू लागली, तसा तो राग मवाळ होत गेला. खलपात्राचे मन समजून घेण्याची सवय प्रेक्षकांना लावण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे. २०१३ पासून 'झी मराठी'ने कर्तृत्ववान स्त्रियांसाठी याच नावाचा पुरस्कार सुरू केला.

संभाजी महाराजांची नवी प्रतिमा

पात्रांविषयीच्या मतांचा सर्वांत मोठा पट 'स्वराज्यरक्षक संभाजी'ने उलगडला. २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात 'झी मराठी'वर ती चालली. लेखन प्रताप गंगावणे यांचे, दिग्दर्शन कार्तिक केंढे यांचे आणि नायक पुन्हा अमोल कोल्हे.

या मालिकेमागे एक जुना वाद उभा होता. संभाजी महाराज विलासी आणि उतावळे होते, ही समजूत बखरींतून आणि नाटकांतून पसरली होती. राम गणेश गडकरी यांच्या अपूर्ण 'राजसंन्यास' नाटकातले चित्रण त्यात विशेष गाजलेले. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र, डॉ. कमल गोखले यांचे संशोधन, शिवाजी सावंत यांची 'छावा' आणि विश्वास पाटील यांची 'संभाजी' ही कादंबरी यांनी ती समजूत खोडून काढली होती. तरी जुनी प्रतिमा किती झोंबत होती, हे जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा हटवला गेला तेव्हा दिसले. त्याच वर्षी मालिका सुरू झाली. पुस्तकांतला वाद जे वाचत नव्हते, त्यांच्यापर्यंतही संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा या मालिकेने नेला.

शंतनू मोघे यांचे शिवाजी महाराज, प्राजक्ता गायकवाड यांच्या येसूबाई, प्रतीक्षा लोणकर यांच्या जिजाबाई आणि पल्लवी वैद्य यांच्या पुतळाबाई या भूमिकांना ममतेचा प्रतिसाद मिळाला. शिवाजी महाराजांच्या निधनाचे भाग प्रसारित झाले तेव्हा अनेक घरांत खरोखरीचा शोक पसरला. दुसरी ठळक गोष्ट कोंडाजी फर्जंद यांची. १६७३ मध्ये साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेणारा हा वीर पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरता येई. आनंद काळे यांनी त्याला थोरल्या भावकीतल्या माणसाची ऊब दिली आणि जंजिऱ्याच्या मोहिमेतल्या त्याच्या मृत्यूने प्रेक्षक हेलावले. ओळीपुरते राहिलेले नाव घरचे वाटू लागणे, हे दैनंदिन मालिकेचे मोठे देणे आहे.

दोष कोणाचा?

प्रेक्षकांची मते सर्वाधिक विभागली ती संभाजी महाराजांच्या सावत्र आई सोयराबाई, मुत्सद्दी अनाजी दत्तो आणि येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के यांच्याबाबत. स्नेहलता वसईकर यांच्या सोयराबाईंनी रोष ओढवून घेतला आणि तोच त्या अभिनयाचा पुरावा ठरला. एका बाजूचे मत असे, की स्वराज्य संकटात असताना मुलासाठी गादी मागणे अक्षम्य होते. दुसऱ्या बाजूने विचारले जाई, की पुत्राचे हित पाहणारी आई हीच एकटी दोषी कशी? एप्रिल १६८० मध्ये दहा वर्षांच्या राजाराम महाराजांना गादीवर बसवणारे मुत्सद्दी नामानिराळे कसे? सोयराबाईंचे सख्खे भाऊ सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे नात्यापेक्षा स्वराज्य मोठे मानणारा माणूस म्हणून त्यांचे पात्र प्रेक्षकांनी उचलून धरले.

पेशवाईच्या बाबतीत हीच जागा माधवरावांच्या आई गोपिकाबाईंची. २०१९ मध्ये 'कलर्स मराठी'वर आलेल्या 'स्वामिनी'त ऐश्वर्या नारकर यांनी त्या करारीपणाने उभ्या केल्या. पानिपतावर मुलगा विश्वासराव गमावलेली, पाठोपाठ पती नानासाहेब गमावलेली आणि दीर रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा जवळून पाहणारी ही स्त्री कठोर झाली, यात नवल नव्हते. तरी शनिवारवाड्यातल्या तणावाला सासू-सुनेच्या चौकटीत बसवले जाते, ही टीका झाली आणि ती रास्त होती. त्या चौकटीत राजकारण जाणणाऱ्या स्त्रीची बुद्धी झाकली जाते.

मानाची पात्रे आणि आकड्यांचा निकाल

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका 'स्टार प्रवाह'वर मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० या काळात झाली. सागर देशमुख काही महिन्यांपूर्वीच चित्रपटात पु. ल. देशपांडे म्हणून दिसले होते, तरी बाबासाहेबांच्या भूमिकेत ते मनापासून स्वीकारले गेले. शिवानी रांगोळे यांनी साकारलेल्या बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाईंनी तर विशेष जिव्हाळा मिळवला. या मालिकेकडे पाहणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी पात्रांवर मत देणे हा करमणुकीचा भाग नव्हता. ज्यांच्यामुळे आपले आयुष्य बदलले, त्यांचे चरित्र रोजच्या वेळेला, सर्व घरांत, एकाच वेळी दिसते आहे, याचे समाधान त्यात होते.

'सोनी मराठी'वर जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'सावित्रीजोती'चा अनुभव उलटा होता. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार यांच्या फुले दाम्पत्याची जाणकारांनी मनापासून प्रशंसा केली, पण वर्ष संपता संपता मालिका थांबली. त्यावर झालेल्या हळहळीतून एक गोष्ट उघड झाली. पात्राविषयीचा आदर आणि ते रोज पाहण्याची सवय या दोन निरनिराळ्या बाबी आहेत आणि वाहिनीचा निर्णय दुसरीवर ठरतो. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्याविषयी आदर असलेल्या महाराष्ट्राने त्यांच्या मालिकेला पुरेसा वेळ दिला नाही, हे कबूल करावे लागते.

नवी मुंबईचा प्रेक्षक

नवी मुंबई हे या मतांचे वैविध्य समजून घेण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, महापालिकेची १९९२ ची. म्हणजे शहर आणि मराठी दूरचित्रवाणी जवळपास एकाच वेळी वाढली. मूळच्या आगरी-कोळी गावांभोवती राज्यभरातून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भे येथे हलला, तसे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली परिसरात स्थिरावले. त्यांतले पुष्कळ सातारा जिल्ह्यातले, विशेषतः जावळी आणि पाटण भागातले. शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतल्याचे प्रकरण पडद्यावर येते तेव्हा या प्रेक्षकांपुढे गावाकडचा डोंगर, घाट आणि आडनावे येतात. मोरे केवळ खलपात्र म्हणून दाखवले, की त्यांची राजकीय बाजूही तोलून दाखवली, हा त्यांच्या दृष्टीने आपल्या मुलखाचा प्रश्न असतो. याच शहरात ऐरोलीला बाबासाहेबांचे भव्य स्मारक आहे. बाबासाहेबांच्या मालिकेला जे सामाजिक वजन लाभले, त्याचे स्वरूप येथे ओळखता येते.

भूमिकेचे ओझे आणि आक्षेप

प्रेक्षकांचे प्रेम अभिनेत्याला बांधूनही ठेवते. २०१९ मध्ये अमोल कोल्हे शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी काही वर्षांपूर्वी नथुराम गोडसेची भूमिका केलेला चित्रपट समोर आला, तेव्हा तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि कोल्हे यांनी आळंदीत आत्मक्लेश केला. महाराजांची भूमिका केलेल्या, शिवाय आता लोकप्रतिनिधी असलेल्या अभिनेत्याने ती भूमिका केलेली असावी हे अनेकांना मानवले नाही. अभिनय हा व्यवसाय आहे हा युक्तिवाद बरोबर असला, तरी श्रद्धेच्या पात्रापुढे तो अपुरा पडला.

घराण्यांचे आक्षेप ही दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२५ मधील 'छावा' या हिंदी चित्रपटात शिर्के घराण्याच्या चित्रणावर वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. संभाजी महाराजांच्या हौतात्म्याचे दर्शन हा असाच नाजूक विषय. छळ दाखवला नाही तर बलिदानाची थोरवी कळणार नाही, असे काहींचे म्हणणे; घरातल्या लहान मुलांसमोर तो दाखवू नये आणि राजाची विटंबना पडद्यावर पुन्हा घडू नये, असे इतरांचे. 'स्वराज्यरक्षक संभाजी' संपत असताना ही चर्चा झाली आणि 'छावा' चित्रपटाच्या वेळी ती पुन्हा झाली.

चार दशकांच्या या कौलातून काही कसोट्या पक्क्या झालेल्या दिसतात. चेहरा आणि आवाज मनातल्या प्रतिमेशी जुळावा, भाषा काळाला शोभावी, शत्रू तोलामोलाचा असावा, स्त्रियांना वाड्याच्या उंबरठ्याआत कोंडू नये, उपेक्षित वीरांना नाव-गाव मिळावे आणि प्रसंग ताणण्यासाठी इतिहासात भर घालू नये. या अपेक्षा कधी परस्परांना छेद देतात. मानवी, चुकणारे पात्र हवे असणारा प्रेक्षकच आदरस्थानाच्या चुका दाखवल्यावर दुखावतो. ही ओढाताण सांभाळणाऱ्या मालिका टिकल्या. सोयराबाई, गोपिकाबाई, रानडे आणि कोंडाजी या पात्रांवर जितके बोलले गेले, तितकी इतिहासाची समज घराघरांत खोल गेली. ज्या पात्रांवर दोन मते होती, त्यांनीच प्रेक्षकांना मूळ चरित्रांकडे आणि संशोधनाकडे वळण्याचे कारण दिले, आणि ऐतिहासिक मालिकेचे खरे मोल त्यातच आहे.