लॅपटॉप बंद, तरी चार्जिंग उतरतंय? नवी बॅटरी घेण्याआधी एक रात्र ही चाचणी करा

तारापूर : रात्री लॅपटॉपमध्ये ८० टक्के चार्जिंग होतं. शट डाऊन केला, चार्जर काढला, बॅगेत ठेवला. सकाळी उघडला तर ६८ टक्के. मग बंद लॅपटॉपमधलं १२ टक्के चार्जिंग गेलं कुठे?

बोईसर, तारापूर, चिंचणी, वाणगाव भागात कॉलेजच्या मुलांपासून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांपर्यंत अनेकांकडे आता लॅपटॉप आहे. त्यातले बरेच जुने, सेकंडहँड घेतलेले. चार्जिंग उतरायला लागलं की पहिला सल्ला मिळतो, 'बॅटरी गेली, नवी टाका.' पण दर वेळी दोष बॅटरीचाच असतो असं नाही, आणि तसं असेल तर नव्या बॅटरीचे पैसेही पाण्यात जातात.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, तरी पावसापाण्यात आजूबाजूच्या गावांत लाईट जातेच. फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल किंवा ऑनलाईन मुलाखत असेल, तर त्या तासाभरात बॅटरीचाच आधार असतो.

झिरपणं वेगळं, नळ उघडा राहणं वेगळं

पाण्याची टाकी भरून ठेवली तर थोडं पाणी झिरपतं. लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरीही अशीच न वापरता थोडी उतरते. पण चांगल्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के असतं. एका रात्रीत १०-१२ टक्के जात असतील तर ते झिरपणं नाही, कुठला तरी नळ उघडा राहिलाय.

हिशेब करून बघा. ४५ वॅट-तासाच्या बॅटरीचे १२ टक्के म्हणजे ५.४ वॅट-तास. ते १२ तासांत गेले, म्हणजे लॅपटॉप रात्रभर जवळपास अर्धा वॅट वीज खात होता. देवघरातला छोटा एलईडी झिरो बल्ब साधारण तेवढीच खातो. दिसायला किरकोळ, पण हा बल्ब चार दिवस जळत राहिला तर भरलेली बॅटरी जवळपास रिकामी होते.

हा 'नळ' उघडा राहतो कुठे?

झाकण मिटलं म्हणजे बंद नाही : बहुतेक लॅपटॉप झाकण मिटल्यावर फक्त झोपतात. याला स्लीप म्हणतात. स्लीपमध्ये मेमरीला वीज लागते, काही नवे लॅपटॉप तर झोपेतही इंटरनेटला जोडलेले राहतात.

फास्ट स्टार्टअप : विंडोज ८ पासून ही सोय आली. शट डाऊन केल्यावर विंडोज आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लॅपटॉप लवकर सुरू होतो. यात फारशी वीज जायला नको. पण काही लॅपटॉपमध्ये यामुळे आतले काही भाग पूर्ण बंद होत नाहीत आणि बॅटरी खात राहतात.

यूएसबी चार्जिंग : काही लॅपटॉप बंद असतानाही यूएसबीमधून मोबाईल चार्ज करतात. त्या पोर्टजवळ बॅटरीचं किंवा विजेचं छोटं चिन्ह असतं. तिथे माऊसचा छोटा रिसीव्हर लावून ठेवला असेल तर त्यालाही वीज मिळत राहते.

एका रात्रीची चाचणी

१. पेनड्राईव्ह, माऊसचा रिसीव्हर, चार्जर सगळं काढा.
२. किती टक्के चार्जिंग आहे ते लिहून ठेवा.
३. कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरा आणि मग शट डाऊनवर क्लिक करा. असं केलं की त्या वेळेपुरता विंडोज पूर्ण बंद होतो.
४. सकाळी पुन्हा टक्के बघा.

चार्जिंग एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका. फास्ट स्टार्टअप बंद करा : कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'. तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा आणि सेव्ह करा.

तरीही उतरत असेल तर यूएसबी चार्जिंग बंद करून बघा. ती सेटिंग बहुतेक वेळा बायोसमध्ये असते. लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा एफ१० दाबून तिथे जाता येतं. बाकी काही बदलू नका, खात्री नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

ज्यांची बॅटरी खालून खटका सरकवून निघते, त्यांनी ती रात्रभर काढून ठेवावी. सकाळी लावल्यावर चार्जिंग तेवढंच असेल तर वीज लॅपटॉप खातोय. कमी झालं असेल तर बॅटरीच खराब.

बॅटरी किती दमली, ते लॅपटॉपच सांगतो

स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी खिडकी उघडा. इंग्रजीत 'पॉवर' आणि 'सीएफजी' जोडून लिहा, एक स्पेस सोडा, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहून एंटर दाबा. अहवाल कुठे सेव्ह झाला ते तिथेच दिसेल. त्यात 'डिझाईन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. पहिला आकडा ४१ हजार आणि दुसरा २० हजार असेल तर बॅटरी निम्मी संपली. मग बदलायचा विचार जरूर करा. सेकंडहँड लॅपटॉप घेतानाही पैसे देण्याआधी हा अहवाल बघा.

ठेवताना काळजी

लॅपटॉप महिना-दोन महिने वापरायचा नसेल तर साधारण निम्मं चार्जिंग ठेवून बंद करा आणि मधूनमधून तपासा. शून्यावर जाऊन महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी अनेकदा पुन्हा चार्जच होत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात छताजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

आणि टचपॅड वर आलं, खालचं कव्हर फुगलं किंवा झाकण नीट मिटत नसेल तर टक्के मोजत बसू नका. बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, तिला आग लागू शकते. दुरुस्तीवाल्याकडूनच ती काढून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा.