कोर्लई : किल्ल्याखालचे गाव

कोकणचा किनारा पाहावयास निघालेला आपला प्रवासी बहुधा दोनच गोष्टींचा भुकेला असतो. एक समुद्र आणि दुसरा किल्ला. कोर्लईला त्याला दोन्ही मिळतात, आणि म्हणूनच त्या गावात सर्वांत मोलाचे जे आहे ते न अनुभवताच तो परत फिरतो.

आधी जागा समजून घेऊ. कुंडलिका नदी सह्याद्रीत उगम पावते आणि रोह्यावरून वाहत पश्चिमेला समुद्राला मिळते. (मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून हिच्यातच उतरते, ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेच हे. पण तो विषय एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.) तिच्या मुखाशी उत्तरेस रेवदंडा, दक्षिणेस डोंगराची एक चिंचोळी सोंड थेट समुद्रात घुसलेली. सोंडेवर किल्ला, पायथ्याशी कोर्लई गाव.

ही सोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती चौल बंदराची किल्ली. चौल हे फार जुने बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास येथेच उतरला. निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ साली खाडीच्या उत्तर तीरावर कोट बांधावयास घेतला. पण समोरचा डोंगर दुसऱ्याकडे असेपर्यंत त्या कोटाला स्वस्थता कुठली? निजामशाहीने डोंगरावर तटबंदी करून तोफा चढविल्या, तेव्हा १५९४ साली पोर्तुगीजांनी हल्ला करून तो जिंकला. पुढे सुमारे दीडशे वर्षे तेथे त्यांचा अंमल होता. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज निघून गेले. इतिहासाची पुस्तके येथे प्रकरण संपवितात.

गावाचे प्रकरण मात्र येथे सुरू होते. गोरे साहेब गेले तरी त्यांच्या आश्रयाने वाढलेला गरीब ख्रिस्ती समाज मागे राहिला. राज्य गेले, व्यापार गेला, गोव्याशी नित्याचा संबंध तुटला; आणि तरीही ही माणसे घरात जी बोली बोलत होती ती बोलतच राहिली. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून ती घडली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे अलिबागपलीकडच्या या बोलीची वार्ता किती जणांना आहे, हा प्रश्न विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

ती टिकली कशी? वसईचे ख्रिस्ती बांधव पाहा. तेथेही पोर्तुगीज अंमल होता, पण घरची भाषा सामवेदी वा वाडवळी, म्हणजे मराठीचीच रूपे. कोर्लईचा समाज लहान, आणि धर्म व जात या दोन्ही कुंपणांमुळे शेजाऱ्यांशी त्याची सोयरीक होईना. ज्या कुंपणांना आपण नावे ठेवतो (आणि ठेवावीतच!) त्यांच्याच आड ही भाषा जगली.

आता तिची गंमत पाहा. आपणही पोर्तुगीजांकडून पाव, चावी, बादली, पगार, बटाटा हे शब्द घेतले. पण वाक्य मराठीच ठेवले. कोर्लईत नेमके उलटे झाले. शब्दांचा मोठा साठा पोर्तुगीज राहिला आणि वाक्य मराठी वळणाचे झाले. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ या क्रमाने बोलतो; कोर्लईकर मात्र आपल्यासारखेच क्रियापद शेवटी ठेवतात. जवळजवळ पाचशे वर्षांच्या शेजाराचा असा पुरावा कुठल्याही शिलालेखात मिळावयाचा नाही.

आणि तटाचा दगड पडला तर पुन्हा बसविता येतो. बोलीचे तसे नाही. मुले मराठीत शिकतात, तरुण नोकरीसाठी बाहेर जातात. यात त्यांचा दोष काय? पोटाची भाषा आणि घराची भाषा वेगळी झाली की आई मुलाशी पोटाचीच भाषा बोलू लागते. एका पिढीने असे केले तरी ‘नॉ लिंग’ संपली.

तेव्हा अलिबागहून मुरुडच्या रस्त्याने, रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईस जाल तर किल्ला अवश्य चढा. वरचे पडके चर्च आणि महादेवाचे देऊळ दोन्ही पाहा. पण उन्हे चढण्यापूर्वी खाली उतरा आणि गावात वेळ काढा. ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ असे मात्र कोणास म्हणू नका. ती माणसे प्रदर्शनात मांडलेली नाहीत. मासळीचा भाव विचारा, दोन गोष्टी बोला. तुमच्याशी ती स्वच्छ मराठीत बोलतील. मग तोंड वळवून घरातल्या माणसाला काही सांगतील, तेव्हा कान उघडे ठेवा.