नकाशावर नसलेला देश : पोलंडची गोष्ट

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये रेंज गेली म्हणून अर्ध्यात अडकलेल्यांनी इथून पुढे वाचावं.

सुरुवात माझ्या अज्ञानापासून करतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्समध्ये आम्हाला 'रिव्हर्स पोलिश नोटेशन' होतं. ३ + ४ ऐवजी ३ ४ + असं लिहायचं आणि स्टॅक वापरून सोडवायचं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण यात 'पोलिश' कुठून आलं, हे आम्ही विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

पुढे नोकरीत क्राकोव शहरातल्या टीमसोबत काम आलं. ११ नोव्हेंबरला त्यांची सुट्टी होती, स्वातंत्र्यदिनाची. मी कॉलवर सहज विचारलं, "कोणापासून स्वातंत्र्य?" तिकडची सहकारी हसली आणि म्हणाली, "तिघांपासून."

त्या एका शब्दाने मला वाचायला लावलं.

देश गेला कसा?

पोलंडच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे इ.स. ९६६ पासून धरतात. त्या वर्षी मिएश्को या शासकाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक संयुक्त राज्य झालं आणि ते युरोपातल्या सगळ्यात मोठ्या राज्यांपैकी एक होतं. गंमत म्हणजे तिथे राजा निवडून यायचा. सरदार मंडळी मतदान करायची.

पण त्यांच्या संसदेत एक भयंकर नियम होता. एका सभासदाने जरी 'मला मान्य नाही' म्हटलं, तरी त्या अधिवेशनातले सगळे कायदे रद्द! आपल्याकडे एका रिव्ह्यूअरने नकार दिला म्हणून अख्खा रिलीज फेकून द्यावा, तसं. शेजारच्या सत्तांना हे सोयीचंच होतं. एखाद्या सभासदाला पैसे चारले की काम झालं.

पोलिश लोकांना चूक कळली. ३ मे १७९१ रोजी त्यांनी नवं संविधान केलं आणि तो नियम काढून टाकला. युरोपातलं हे पहिलं आधुनिक लिखित संविधान मानतात. पण उशीर झाला होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत देश गिळला. पुढची १२३ वर्षं युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. तिघांपासून स्वातंत्र्य म्हणजे हे.

मग उरलं काय?

मला सगळ्यात जास्त भिडलेला भाग हा. सैन्य नाही, सरकार नाही, सीमा नाही. १८३० आणि १८६३ चे उठाव चिरडले गेले. हजारो लोक सायबेरियात धाडले गेले. तरी चार पिढ्यांनंतर लोक स्वतःला पोलिश म्हणत होते. हे जमलं कसं?

उत्तर बरंचसं घरात सापडतं. रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सामध्ये शाळेची भाषा रशियन झाली. तेव्हा लोकांनी 'उडतं विद्यापीठ' चालवलं. वर्ग कोणाच्या तरी दिवाणखान्यात भरायचे आणि पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलायच्या. बायकांना विद्यापीठाची दारं बंद होती, त्या इथे शिकायच्या. त्यातलीच एक मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजे आपली मादाम क्यूरी. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये तिने आणि पिएर क्यूरीने नवं मूलद्रव्य शोधलं आणि नाव ठेवलं पोलोनियम. देश नकाशावर नव्हता, तो तिने आवर्तसारणीत नेऊन बसवला!

संगीतकार शोपँ विशीत वॉर्सा सोडून गेला आणि परत येऊ शकला नाही. १८४९ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. शरीर तिथेच पुरलं, पण त्याच्या इच्छेप्रमाणे बहिणीने त्याचं हृदय वॉर्साला आणलं. आजही ते तिथल्या एका चर्चच्या खांबात आहे.

शेवटी पहिल्या महायुद्धात तिन्ही साम्राज्यं कोसळली आणि ११ नोव्हेंबर १९१८ ला पोलंड परत आला. १९१९ मध्ये पंतप्रधान होता पादेरेव्स्की, एक नामवंत पियानोवादक. आणि त्याच्या सरकारात शिक्षणमंत्री होता यान वुकाशेविच नावाचा तर्कशास्त्रज्ञ. याच वुकाशेविचने पुढे १९२४ च्या सुमारास चिन्ह आधी लिहायची पद्धत शोधली. तीच पोलिश नोटेशन. आपण सोडवतो ती तिची उलटी आवृत्ती.

पुन्हा तेच

हे स्वातंत्र्य जेमतेम २१ वर्षं टिकलं. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी आला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत संघ. युद्धात सुमारे ६० लाख पोलिश नागरिक मेले. त्यातले जवळपास निम्मे ज्यू होते. १९४४ च्या उठावानंतर नाझींनी वॉर्सा ठरवून, इमारतीमागून इमारत उडवली. युद्धानंतर लोकांनी जुनं शहर पुन्हा बांधलं. आधार कशाचा, तर अठराव्या शतकातल्या चित्रांचा आणि आर्किटेक्चरवाल्यांनी जपून ठेवलेल्या मोजमापांच्या नकाशांचा. आजही दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतात आणि वॉर्सा जागच्या जागी थांबतं.

आता आपल्या कोल्हापूरकरांसाठी. सोव्हिएतांनी सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलेले हजारो पोलिश लोक सुटल्यावर इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी तिथे काय उभं केलं? शाळा, चर्च, स्काउट पथक, नाटकं. म्हणजे पुन्हा तेच. देश हातात नाही, तर मुलांना भाषा तरी द्यायची. बऱ्याच जणांना घरी परतता आलंच नाही, कारण युद्धानंतर त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. पुढे त्याच वळिवड्याच्या छावणीत फाळणीत घर गमावलेले सिंधी लोक आले. आजचं गांधीनगर ते हेच.

आणि आज?

युद्धानंतर चाळीसेक वर्षं साम्यवादी राजवट होती. १९८० मध्ये गदान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला आणि लेख वावेंसा या इलेक्ट्रिशियनच्या नेतृत्वाखाली 'सोलिदार्नोश्च' ही कामगार संघटना उभी राहिली. १९८९ च्या निवडणुकीत ती राजवट हरली. २००४ पासून पोलंड युरोपीय संघात आहे. तुमच्यातले कित्येक जण 'द विचर' खेळतात ना? तो गेमही त्यांचाच.

त्यांची भाषा ऐकायला अवघड वाटते, पण व्याकरण ओळखीचं आहे. तीन लिंगं, सात विभक्त्या, संबोधनसुद्धा! 'ओग्येन' म्हणजे आग. अग्नी आठवला ना? पिएरोगी ही तर चक्क उकडलेली करंजी, बटाटा-पनीरचं सारण घातलेली.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. भाषा आणि धर्म घट्ट धरून तगलेल्या समाजात 'आपला कोण' हा प्रश्नही टोकदार होतो. १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यात असताना येदवाब्ने गावात पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल माफी मागितली, पण वाद अजून मिटलेला नाही. ज्याने सोसलं त्याच्याकडूनही अन्याय होऊ शकतो, हे मान्य करणं कुठल्याही देशाला जड जातं. आपल्यालाही.

मी सहकारीला विचारलं होतं, तुमचा सगळ्यात आवडता सण कोणता? ती म्हणाली, २४ डिसेंबरची रात्र. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, बारा पदार्थ, आणि टेबलावर एक ताट जास्तीचं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. "आमची आजी म्हणायची, जे परत आले नाहीत त्यांच्यासाठीही."

ज्यांचा देश एकदा पुसला गेला, त्यांच्या घरात रिकामं ताट मांडायची सवय का टिकली, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरात कोणी वळिवड्याच्या आठवणी सांगत असेल, तर आधी रेकॉर्ड करून ठेवा. मग मला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!